पायली कोणती, ते आधी सांगा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्या काळात इंटरनेटला जोडून घेणं हा एक सोहळाच असे. घरच्या टेलिफोनची तार काढून मोडेमला लावायची, संगणकावरून नंबर फिरवायचा, एंगेज लागला की पुन्हा फिरवायचा. पलीकडून उत्तर आलं की मोडेममधून शिट्ट्या आणि खरखर ऐकू येई. ती थांबली की पडद्यावर 'कनेक्ट' हा शब्द उमटे आणि त्याच्यापुढे एक आकडा: ९६००, किंवा लाइन स्वच्छ असली तर १४४००. त्या आकड्यावर माणूस खूश व्हायचा किंवा हिरमुसायचा.

पण ९६०० म्हणजे ९६०० काय? कोणी त्याला बॉड म्हणे, कोणी बिट. फाइल उतरवायला घेतली की पडद्यावर तिसराच हिशेब दिसे: दर सेकंदाला जेमतेम नऊशे-साडेनऊशे अक्षरं. तार एक, मोडेम एक, तरी वेगाचे आकडे तीन.

दशमान पद्धत येण्याआधी आपल्याकडे धान्य पायलीने मोजत. पायली चार शेरांची, हे लहान पोरालाही पाठ असे. मात्र शेर मुलखामुलखात बदले आणि त्याच्याबरोबर पायलीही. म्हणून दुसऱ्या गावच्या बाजारात भाव ऐकण्याआधी पायली कोणती, हे विचारावं लागे. ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली आणि तो घोळ मिटला. संगणकाच्या दुनियेत मात्र त्याच सुमारास नव्या पायल्यांचा घोळ सुरू होत होता. जुन्या यंत्रांचे वेग एकमेकांशी ताडून पाहायचे तर आधी तो घोळ कसा झाला, हे समजून घ्यावं लागतं.

त्याची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधीची, फ्रान्सच्या तारखात्यातली आहे. १८४५ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला एमिल बोदो तारखात्यात नोकरीला लागला आणि १८७४ साली त्याने आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं. मोर्सच्या कडकट्टात काही अक्षरं लांब, काही आखूड. बोदोने प्रत्येक अक्षराला पाच खुणांची सारखी लांबी दिली. त्याच्या यंत्राला पियानोसारख्या पाच पट्ट्या होत्या, डाव्या हाताला दोन आणि उजव्या हाताला तीन. कोणत्या पट्ट्या दाबल्या यावरून बत्तीस जोडण्या होत. एकाच तारेवर अनेक तारमास्तर आळीपाळीने संदेश पाठवत, त्यामुळे प्रत्येकाला आपली पाळी नेमकी साधावी लागे. यंत्र टक् करून खूण देई आणि त्या तालावर पट्ट्या दाबाव्या लागत. ताल चुकला की अक्षर चुकलं.

पुढे विसाव्या शतकात तारेवरच्या खुणांचा वेग मोजायला एकक हवं झालं, तेव्हा त्याला बोदोचं नाव दिलं गेलं: बॉड. एका सेकंदात तारेवरची खूण जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते, तो आकडा म्हणजे बॉड. त्या खुणेत किती माहिती आहे, हे बॉड सांगत नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

माहितीचं माप त्यानंतर आलं. १९४८ साली बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅननने संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. होय किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढ्या निवडीला त्याने 'बिट' म्हटलं आणि या शब्दाचं श्रेय जॉन टुकी या गणितज्ञाला दिलं. १९५६ साली आयबीएममध्ये वेर्नर बुखहोल्झ याने बिटांच्या गटासाठी 'बाइट' हा शब्द काढला. १९६४ च्या आयबीएम ३६० या संगणकांनंतर बाइट आठ बिटांचा, हे हळूहळू रूढ झालं. अशी बॉड, बिट आणि बाइट ही तीन मापं बाजारात आली. तिघांचंही पहिलं अक्षर 'ब'.

सुरुवातीला या फरकाने कोणाचं काही अडलं नाही. टेलेक्सचा वेग ५० बॉड. प्रत्येक अक्षराची पाच खुणांची संहिता, आधी एक 'सुरू' खूण आणि शेवटी दीड खुणेइतकी 'थांब', म्हणजे साडेसात खुणांचं एक अक्षर. पन्नासला साडेसातने भागलं की सेकंदाला पावणेसातच्या आत अक्षरं आणि मिनिटाला सुमारे ६६ शब्द. त्यानंतरचा टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर ११० बॉडचा होता. त्याच्या एका अक्षराला सुरू-थांब धरून अकरा खुणा लागत, म्हणून सेकंदाला बरोबर दहा अक्षरं. एका खुणेत एकच बिट होता, त्यामुळे ११० बॉड म्हणजेच सेकंदाला ११० बिट. पायल्या वेगळ्या होत्या, पण धान्य तेवढंच भरत होतं.

१९६२ साली अमेरिकेत बेल १०३ हा मोडेम आला तेव्हाही हेच चालू राहिलं. त्याची युक्ती साधी होती. फोन लावणाऱ्या बाजूने १०७० हर्ट्झचा स्वर म्हणजे शून्य, १२७० हर्ट्झचा म्हणजे एक. फोन घेणाऱ्या बाजूसाठी २०२५ आणि २२२५ हर्ट्झ. चारही स्वर माणसाच्या आवाजासाठी बनलेल्या टेलिफोनच्या तारेतून सहज जात, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येई. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. अक्षरामागे सुरू-थांब धरून दहा बिट लागत, म्हणून सेकंदाला ३० अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळींचा पडदा भरायला एक मिनिट सात सेकंद. वाचणारा भरभर वाचत असेल, तर त्याच्या नजरेच्या मागेपुढेच शब्द उमटत.

टेलिफोन कंपनी परक्या यंत्राला आपल्या तारेशी जोडू देत नसे, म्हणून रिसीव्हर उचलून रबराच्या दोन वाट्यांत बसवायचा आणि मोडेमने त्याच्या कानात शिट्टी वाजवायची, अशी सोय होती. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने अमेरिकेत तो निर्बंध सैल झाला. १९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि संगणक स्वतः नंबर फिरवू लागला. त्याचाही वेग ३००. वीस वर्षं लोकांनी 'तीनशे बॉड' म्हटलं आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे बॉड म्हणजेच वेग, ही सवय जिभेवर बसली.

सवय बसली आणि तंत्र बदललं. टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे खुणा हव्या तेवढ्या वेगाने बदलता येत नाहीत. मग अभियंत्यांनी खुणांचा ताल तसाच ठेवून प्रत्येक खुणेत जास्त बिट बसवायला सुरुवात केली. तबला ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल. मात्रांची चाल तीच, पण दुगुनीत एका मात्रेत दोन बोल, चौगुनीत चार. बॉड ही मात्रांची चाल आहे आणि बिट हे बोल.

बेल २१२ए हा मोडेम १२०० चा म्हणून विकला गेला. त्याची चाल ६०० बॉडची होती. लहरीची कला (फेज) चार प्रकारांनी सरकवून तो एका खुणेत दोन बिट सांगे: ६०० ची दुगुन. २४०० चा मोडेम आला तोही ६०० बॉडचाच, त्याची चौगुन. १९८४ च्या व्ही.३२ मानकातला ९६०० चा मोडेम २४०० बॉडचा, एका मात्रेत चार बोल. १९९१ च्या व्ही.३२बिसने त्याच २४०० बॉडमध्ये सहा बिट बसवले आणि १४,४०० गाठले. जाहिरातींत आणि लोकांच्या बोलण्यात मात्र 'बाराशे बॉड', 'शहाण्णवशे बॉड' हेच राहिलं. 'कनेक्ट ९६००' या ओळीतला आकडा बिटांचा होता. बॉडमध्ये तो २४०० च होता.

आपल्याकडे या काळाचं केंद्र होतं मुंबईत, जुहूला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधनाचं जाळं हाती घेतलं. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी त्यात होतं. एस. रमणी हे तेव्हा त्या केंद्राचे संचालक होते. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई ९,६०० बिटांची लीज्ड लाइन सुरू झाली. १९९२ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला ६४,००० बिटांची लाइन जोडली गेली. देशातल्या या संस्थांच्या संशोधकांचं टपाल त्या एका तारेवरून जगाकडे जात होतं.

हे सगळे वेग एका पंक्तीत बसवायचे तर एक ओळखीचं माप हवं. मी त्यासाठी साडेतीन इंची फ्लॉपी घेतो. ती अनेकांनी हातात धरली आहे आणि तिचं गणित चोख आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. आता एवढा माल पोचवायला कोणाला किती वेळ लागतो ते पाहू.

मॉडेल ३३ च्या दहा अक्षरांच्या वेगाने जवळजवळ ४१ तास. ३०० बिटांच्या मोडेमने १३ तास ३९ मिनिटं. ९,६०० च्या मोडेमने, बाइटमागे दहा बिट धरून, २५ मिनिटं ३६ सेकंद. दिल्ली-मुंबई लीज्ड लाइनवर बिट सलग वाहत, सुरू-थांबची भर लागत नसे, म्हणून बाइटमागे आठच बिट आणि त्याच ९,६०० ला साडेवीस मिनिटं. आकडा तोच, पण आवरणाने पाच मिनिटं खाल्ली. १४,४०० च्या मोडेमने दहा बिटांच्या हिशेबाने बरोबर १०२४ सेकंद, म्हणजे १७ मिनिटं ४ सेकंद. जुहू-व्हर्जिनिया लाइनवर तीन मिनिटांहून थोडं अधिक. पहिल्या पिढीच्या सीडी ड्राइव्हने, सेकंदाला १,५३,६०० बाइटने, ९.६ सेकंद. ऑफिसातल्या दहा मेगाबिटच्या इथरनेटवर, तार पूर्ण मोकळी मिळाली तर, सव्वा सेकंदाच्या आत.

आणि फ्लॉपी स्वतः? ती मिनिटाला ३०० फेरे मारते, म्हणजे एक फेरा ०.२ सेकंदाचा. एका फेऱ्यात एक ट्रॅक वाचला तर १६० ट्रॅकना ३२ सेकंद. याहून कमी वेळात ती पुरी वाचून होणारच नाही. डोकं एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकतं त्याचा वेळ यात धरलेला नाही.

त्या काळी फायली पोचवण्याचा आणखी एक मार्ग सर्रास वापरात होता: फ्लॉप्यांचा डबा घेऊन माणूस पाठवायचा. त्याचाही वेग काढता येतो. दहा फ्लॉप्यांचा डबा घेऊन कोणी बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या लोकलने निघाला आणि त्याला एक तास लागला असं धरू. दहा फ्लॉप्यांत १,४७,४५,६०० बाइट, म्हणजे ११,७९,६४,८०० बिट. तासाच्या ३६०० सेकंदांनी भागलं की उत्तर येतं सेकंदाला बरोबर ३२,७६८ बिट. १९९४ साली आलेला २८,८०० चा नवाकोरा मोडेम या लोकलच्या मागे पडतो. १९९६ साली ३३,६०० चा मोडेम आला तेव्हा कुठे टेलिफोनची तार जेमतेम पुढे गेली.

पण हिशेब इथे थांबवणं खरं नाही. फ्लॉप्या आधी भरायच्या असतात आणि पोचल्यावर वाचायच्या असतात. भरायला आणि वाचायला प्रत्येकी किमान ३२ सेकंद, दहा फ्लॉप्यांचे मिळून ६४० सेकंद. ते मिळवले की वेग २७,८०० च्या आसपास उतरतो आणि २८,८०० चा मोडेम पुढे जातो. शिवाय मोडेमवर पहिलं अक्षर क्षणात पोचतं, तर लोकलने पहिलं अक्षरही तासाने आणि शेवटचंही तासाने. किती माल जातो आणि पहिला दाणा कधी पोचतो, ही दोन वेगळी मापं आहेत. काय धरलं आणि काय सोडलं, यावर शर्यतीचा निकाल बदलतो.

३३,६०० ला मोडेमची धाव संपत आली होती, आणि त्याचं कारण शॅननच्या त्याच निबंधात होतं. पट्ट्याची रुंदी आणि तारेवरच्या खरखरीच्या मानाने आवाज किती मोठा, या दोन गोष्टींवरून कोणत्याही तारेची कमाल मर्यादा काढता येते. ३१०० हर्ट्झचा पट्टा आणि खरखरीच्या हजारपट आवाज धरला तर ती सुमारे ३१,००० बिट येते. तार त्याहून स्वच्छ असली तर ३५,००० च्या वर. पन्नास वर्षांपूर्वी कागदावर काढलेल्या रेषेला अभियंते येऊन टेकले होते.

मग ५६ के आला कुठून? टेलिफोन एक्सचेंज तोवर डिजिटल झाले होते. ते आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेत आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत साठवत, म्हणजे ६४,००० बिट. इंटरनेट पुरवणाऱ्याने आपलं टोक थेट डिजिटल ठेवलं, तर त्या बाजूने येताना खरखरीचा मोठा भाग टळे. आठातला एक बिट भरवशाचा नसे, म्हणून सातच वापरायचे. सात गुणिले ८००० म्हणजे ५६,०००. १९९८ साली व्ही.९० या मानकाने हे पक्कं झालं. हा वेग फक्त उतरवताना मिळे, चढवताना ३३,६०० च. अमेरिकेत तारेवरच्या विजेच्या मर्यादेमुळे तो ५३,३०० च्या पुढे जाऊ शकत नव्हता. वेष्टनावर मात्र ५६ च छापलेलं असे. त्याआधी १४,४०० च्या मोडेमवर ५७,६०० असेही आकडे झळकले होते. चारपट दाबता येण्याजोगा मजकूर असेल तरच मिळणारा तो वेग होता. आधीच दाबलेल्या फाइलला त्याचा काही उपयोग नव्हता.

एक पायली अजून राहिली: किलो. टेलिफोनवाल्यांचा किलो हजाराचा. संगणकाच्या स्मृतीचा किलो १०२४ चा, कारण ती दोनच्या पटीत वाढते. फ्लॉपीवर छापलेले १.४४ मेगाबाइट तर या दोन्हींत बसत नाहीत. दहा लाखाने भागलं तर १.४७ येतात, १०,४८,५७६ ने भागलं तर १.४१. १.४४ आणायला एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने भागावं लागतं. एकाच वस्तूत दोन्ही पायल्या मिसळल्या होत्या. डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रोटेक्निकल आयोगाने १०२४ साठी 'किबी' आणि त्याच्या पुढच्या पटीसाठी 'मेबी' ही वेगळी नावं ठरवून दिली. बाजाराने ती मनावर घेतली नाहीत.

या घोळाची झळ सामान्य माणसाला लागली ती ब्रॉडबँडच्या दिवसांत. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट मिळाले तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरवलं. लोकांनी हौसेने जोडण्या घेतल्या. फाइल उतरवताना पडद्यावर ३० च्या आसपास आकडा दिसला आणि फसवणूक झाल्याची भावना घरोघर पसरली. खरं तर २,५६,००० बिटांना आठने भागलं की ३२,००० बाइट, त्याला १०२४ ने भागलं की ३१.२५, आणि त्यातून पत्ते-शिक्क्यांचे बाइट वजा केले की उरतात ते तीसच्या आतबाहेर. माल पुरता आला होता. विकताना एक पायली आणि मोजताना दुसरी, एवढंच झालं होतं. ग्राहकाला ते समजेल अशा भाषेत सांगणं हे विकणाऱ्याचं काम होतं आणि ते फार थोड्यांनी केलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्या पिढीची यंत्रं आता माळ्यावर गेली आहेत आणि त्यांच्याबद्दल लिहिणं सुरू झालं आहे. आठवणी, संस्थांचे इतिहास, शाळेचे प्रकल्प यांत 'तेव्हा ९६०० चा वेग होता, आता शंभरचा आहे' अशी वाक्यं दिसतात. वाचणाऱ्या मुलाला वाटेल की वेग कमी झाला. म्हणून जुना आकडा उतरवून घेताना चार गोष्टी त्याच्याबरोबर लिहाव्यात. मोजलं काय, खूण, बिट की बाइट. किलो कोणता, हजाराचा की १०२४ चा. सुरू-थांबच्या खुणा आणि आवरण धरून की सोडून. आणि आकडा वेष्टनावरचा की प्रत्यक्ष मिळालेला. तुमच्याजवळ त्या काळातली बिलं, मोडेमची माहितीपत्रकं, पडद्यावरच्या 'कनेक्ट' ओळी टिपलेल्या वह्या असतील, तर त्या टाकू नका. आणि त्यांतला आकडा कोणाला सांगाल, तेव्हा पायली कोणती तेही सांगा.